हाताची भूल, आयसीयू आणि लिपिड इमल्शन: आमचा अनुभव

२०२५ च्या जानेवारीत आईच्या मनगटाचं ऑपरेशन होतं. हात बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांतच तिला झटके आले, हृदयाचे ठोके बिघडले. तिला वाचवणाऱ्या औषधांत मुख्य होतं लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचं तेलाच्या सूक्ष्म थेंबांचं दुधी मिश्रण. त्या दिवसापर्यंत हे नाव आमच्या घरात कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. नंतर आयसीयू, लॅबचे गोंधळात टाकणारे रिपोर्ट, दुसरं ऑपरेशन आणि मार्चपर्यंत चाललेला विम्याचा पत्रव्यवहार. त्या दिवसांत मराठीत शोधून मला काहीच सापडलं नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय भाग आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी समजावलेला आणि मग मी वाचून पडताळून घेतलेला आहे.

९ जानेवारी २०२५, गुरुवार. संक्रांत तोंडावर आलेली. आई माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली आणि उजव्या हातावर पडली. वय ६४, वजन ५२ किलो, रक्तदाबाची गोळी रोज चालू. एक्स-रेमध्ये मनगटाजवळचं हाड मोडून सरकलेलं दिसत होतं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लेट बसवायला सांगितली आणि शनिवार ठरला. आम्ही नाशिकचे, हॉस्पिटल घरापासून जवळ, मध्यम आकाराचं. त्याचं नाव लिहीत नाही.

भरती होताना तीस हजार डिपॉझिट भरलं आणि टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) डेस्कवर कॅशलेसचा अर्ज दिला. घरात पडल्यामुळे पोलीस केस नव्हती. तरी ‘कशा पडल्या, कुठे पडल्या’ हे साध्या कागदावर लिहून सही करून मागितलं आणि त्यावर डॉक्टरांचा शेरा लागला: घरगुती अपघात, मद्यपान नाही. हा कागद पहिल्याच दिवशी करून त्याचे फोटो काढून ठेवा. आमच्याकडे तो पुढे दोनदा मागितला गेला. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने तासाभरात उत्तर द्यायचं असतं आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. डेस्कवर बसून हे शांतपणे सांगितलं की फाइल हलते. ९० हजारांच्या अंदाजावर पहिली मंजुरी ५५ हजारांची आली.

शुक्रवारी संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडम तपासायला आल्या. पूर्ण भूल न देता फक्त हात बधिर करायचा, सोनोग्राफीवर बघून मानेच्या खाली, हसळीच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) वर इंजेक्शन द्यायचं, असं त्यांनी सुचवलं. आईचं वय आणि रक्तदाब पाहता मलाही ते बरं वाटलं. संमतिपत्रात बारीक अक्षरात एक ओळ होती: बधिर करण्याचं औषध रक्तात जास्त गेल्यास झटके येणे, हृदय बंद पडणे. त्या ओळीवर बोट ठेवून मी विचारलं. त्या म्हणाल्या, “क्वचित होतं, पण होतं. तसं झालं तर लागणारं औषध आमच्या ओटीत, ऑपरेशन थिएटरमध्येच, ठेवलेलं आहे, मेडिकलमधून आणायला धावावं लागणार नाही.”

हे वाक्य मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. आज कुणाच्याही घरी हाताच्या, खांद्याच्या, पायाच्या भुलीचं ऑपरेशन असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारा म्हणून सांगते: २० टक्के लिपिड इमल्शन ओटीत आहे का? चांगले भूलतज्ज्ञ या प्रश्नाने रागावत नाहीत.

शनिवारी सकाळी मी ओटीबाहेर होते. आत काय झालं ते नंतर मॅडमकडून आणि थोडंफार आईकडून कळलं. सोनोग्राफीवर शीर चुकवून, प्रत्येक वेळी सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही हे बघून, थोडं थोडं औषध दिलं होतं. बुपिव्हॅकेन आणि लिग्नोकेन, दोन्हींचं मिश्रण. ९ वाजून ४० मिनिटांनी इंजेक्शन पूर्ण झालं. थोड्या वेळाने आई म्हणाली, “तोंडात लोखंडाची चव येतेय.” मग कानात शिट्टी वाजते म्हणाली. मग सिस्टरना सांगायला लागली की हळदीकुंकवाच्या पुड्या मोजून घ्या, कमी पडतील. मॅडमनी तिथेच हातातलं काम सोडलं. तोंडाला धातूची चव, कानात आवाज, असंबद्ध बोलणं ही औषध रक्तात चढल्याची सुरुवातीची लक्षणं आहेत. रुग्ण जागा असताना तो स्वतः ती सांगू शकतो. म्हणून ओटीत गेल्यावर काहीही वेगळं वाटलं तर लगेच बोला, लाजू नका, हे आपल्या माणसाला आधी सांगून ठेवावं.

त्यानंतर झटके आले. ते थांबवायला औषध दिलं, श्वासनळीत नळी घातली, पूर्ण ऑक्सिजन सुरू केला. तोवर मॉनिटरवर ठोके ३८ वर आले होते, प्रत्येक ठोक्याची रेघ रुंद आणि वेडीवाकडी, रक्तदाब लागत नव्हता. छाती दाबायला, म्हणजे सीपीआरला, सुरुवात झाली. भिंतीवर लॅमिनेट केलेला एक तक्ता आहे, त्यातल्या ओळी टेक्निशियन मोठ्याने वाचत होता आणि दुसरी सिस्टर वेळ लिहीत होती. लिपिडची बाटली त्याच तक्त्याखालच्या डब्यात असते. वजनाच्या प्रत्येक किलोला दीड मि.ली., म्हणजे आईला सुमारे ८० मि.ली., मोठ्या सिरिंजने दोन-तीन मिनिटांत शिरेतून. मग किलोमागे मिनिटाला पाव मि.ली. या वेगाने पंपावर. सोबत ॲड्रिनलिन, पण नेहमीच्या सीपीआरमध्ये देतात त्यापेक्षा फारच कमी मात्रेत. या विषबाधेत जास्त ॲड्रिनलिनने उलट नुकसान होतं. काही मिनिटांत रेघा अरुंद व्हायला लागल्या, नाडी हाताला लागली. दुसरी बाटली उघडावी लागली. एकूण मात्रा किलोमागे १२ मि.ली.च्या वर जाऊ द्यायची नसते. आईला त्याच्या निम्मीही लागली नाही.

बाहेर मला एवढंच दिसलं की ओटीचे मामा ट्रॉली घेऊन पळत आत गेले आणि हाडांचे डॉक्टर हातमोजे न घालता उभे होते. धाकट्या भावाला पुण्याला फोन केला, तो तसाच निघाला. पावणेअकराच्या सुमाराला मॅडम बाहेर आल्या. मास्क गळ्यात, कपाळावर घाम. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: भुलीचं औषध रक्तात चढलं, हृदयावर परिणाम झाला, उतारा दिला आहे, ठोके परत आले आहेत, ऑपरेशन केलेलं नाही, आता आयसीयूत हलवतो. आणि आयसीयूच्या संमतीचा कागद पुढे केला. सही करताना माझा हात इतका थरथरत होता की पॉलिसीवरच्या सहीशी ती जुळली नाही. पुढे त्यावरूनही एक शंका निघाली. तुमच्यासोबत दुसरं कुणी असेल तर अशा वेळी सही त्यांना करू द्या.

दुपारी भाऊ आल्यावर मॅडमनी दोघांना बसवून नीट समजावलं. बुपिव्हॅकेन हृदयाच्या स्नायूंतल्या सोडियमच्या वाटा अडवून धरतं आणि तिथून लवकर सुटत नाही. म्हणून या औषधाने थांबलेलं हृदय नुसत्या सीपीआरने चालू करणं फार अवघड जातं. पण हे औषध चरबीत चांगलं विरघळतं. “फोडणीत तिखटाचा रंग पाण्याला लागत नाही, तेलाला लागतो, तसं समजा,” त्या म्हणाल्या. रक्तात एकदम भरपूर तेलाचे सूक्ष्म थेंब सोडले की औषध हृदयातून आणि मेंदूतून त्या थेंबांकडे ओढलं जातं, आणि रक्तासोबत स्नायूंकडे, यकृताकडे पोचवलं जातं. शिवाय लिपिडमुळे हृदयाचं आकुंचनही सुधारतं. म्हाताऱ्या, बारीक, स्नायू कमी असलेल्या माणसांना आणि हृदयाचा किंवा यकृताचा आजार असलेल्यांना हा धोका अधिक असतो. आई यातल्या पहिल्या तिन्हींत बसते.

मग आयसीयू. भेटीची वेळ सकाळी ११ आणि संध्याकाळी ५, एका वेळी एकच माणूस. हृदयावर परिणाम झालेला असेल तर किमान चार ते सहा तास सतत मॉनिटरवर ठेवावंच लागतं, कारण लिपिड रक्तातून निघून गेल्यावर त्रास पुन्हा उलटू शकतो. आईला रविवारभर ठेवलं. शनिवारी रात्री आठ वाजता नळी काढली. घोगऱ्या आवाजात तिने पहिलं विचारलं ते, हात बसवला का.

दुपारीच लॅबमधून आयसीयूत फोन आला होता: नमुना गढूळ आहे, रिपोर्ट देता येत नाही. मी काउंटरवर गेले तेव्हा टेक्निशियनने ट्यूब उजेडात धरून दाखवली. वरचा भाग पिवळसर पारदर्शक असायला हवा होता, तो दाट पांढरा होता. आदल्या दिवशी ११.४ असलेलं हिमोग्लोबिन १४.९ आलं होतं आणि सोडियम १२४. सोडियम वाचून भाऊ घाबरला, त्याच्या सासऱ्यांना सोडियम कमी होऊनच भ्रम झाला होता. आयसीयूच्या डॉक्टरांनी एबीजी (रक्तातले वायू तपासणाऱ्या) मशीनवर तपासून घेतलं तर ते व्यवस्थित निघालं. रक्तात तेल असलं की काही मशिनं आकडे चुकीचे दाखवतात. हिमोग्लोबिन वाढल्यासारखं दिसतं, सोडियम घटल्यासारखं. दुसऱ्या दिवशी नमुना स्वच्छ झाला आणि आकडे जागेवर आले. आपल्यावर ही वेळ आली तर लॅबच्या चिठ्ठीवर ‘लिपिड इमल्शन दिले’ आणि वेळ लिहिली आहे ना एवढं बघा. शक्य असेल तेव्हा डॉक्टर लिपिडच्या आधीच रक्त काढून ठेवतात, पण आमच्या प्रसंगात तेवढा श्वास कुणाला नव्हता. स्वादुपिंडाला सूज आणि फुप्फुसांना त्रास हे याचे संभाव्य दुष्परिणाम, म्हणून लायपेज, ट्रायग्लिसराइड आणि छातीचा एक्स-रे पाहिले. सोबत हृदयासाठी ट्रोपोनिन ही रक्ततपासणी आणि टूडी इको. सगळं ठीक आलं.

रात्री आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर झोप येत नव्हती. फोनवर जे सापडेल ते वाचत बसले, आणि या औषधाचा प्रवास वाचून थक्क झाले. सोयाबीनचं तेल, अंड्यातलं फॉस्फोलिपिड आणि ग्लिसरीन यांचं हे दुधी मिश्रण स्वीडनच्या आर्विद व्रेटलिंड यांनी तयार केलं, ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आलं. उद्देश एकच, ज्यांना तोंडाने खाता येत नाही त्यांना शिरेतून पोषण द्यायचं. उतारा म्हणून कुणी त्याचा विचारही केला नव्हता. शिकागोतले भूलतज्ज्ञ गाय वाइनबर्ग यांच्याकडे कार्निटीनची (चरबीपासून ऊर्जा मिळवायला शरीराला लागणाऱ्या पदार्थाची) कमतरता असलेला एक रुग्ण आला होता, ज्याला बुपिव्हॅकेनच्या थोड्याशा मात्रेनेच हृदयाचा त्रास झाला. चरबीच्या चयापचयाशी याचा संबंध असेल असं धरून त्यांनी उंदरांवर प्रयोग केले. अंदाज असा की लिपिड दिल्यावर विषबाधा वाढेल. झालं बरोबर उलटं: लिपिड दिलेल्या उंदरांचं हृदय थांबवायला जास्त बुपिव्हॅकेन लागलं. १९९८ मध्ये ते प्रसिद्ध झालं, पुढे २००३ मध्ये कुत्र्यांवरचे प्रयोग. माणसावरची पहिली नोंद २००६ ची, न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई हॉस्पिटलमधली. ५८ वर्षांचा माणूस, खांद्याच्या ऑपरेशनसाठी दिलेली भूल, हृदय बंद, बराच वेळ सीपीआर करूनही दाद नाही, हार्ट-लंग मशीनची तयारी सुरू, आणि शेवटी लिपिड. तो माणूस बरा होऊन घरी गेला. अपेक्षेविरुद्ध आलेला निकाल वाइनबर्ग यांनी बाजूला टाकला नाही, त्याचा पाठपुरावा केला, म्हणून माझी आई आतल्या खाटेवर श्वास घेत होती. हे मला त्या रात्री फार जवळून जाणवलं.

शेजारच्या खुर्चीवर दिंडोरीकडचं एक कुटुंब होतं. द्राक्षबागेत फवारणी करताना त्यांच्या मुलाला औषध लागलं होतं. माझं ऐकून त्याच्या काकांनी सकाळी राउंडच्या डॉक्टरांना विचारलं, “ती पांढरी बाटली आमच्या पोराला का नाही लावत?” डॉक्टरांनी थांबून उत्तर दिलं. त्या कीटकनाशकासाठी ॲट्रोपीन हाच मुख्य उपाय, ते चालूच आहे. लिपिड प्रत्येक विषावर चालत नाही. मीही नंतर तेच वाचलं. बुपिव्हॅकेनसारख्या बधिर करणाऱ्या औषधांसाठी त्याचं स्थान पक्कं आहे. नैराश्यावरच्या किंवा रक्तदाबावरच्या काही गोळ्यांच्या विषबाधेत, २००८ च्या सुमारापासून, बाकी सगळं थकल्यावर ते वापरल्याच्या नोंदी आहेत, पण तिथे पुरावा कमजोर आहे. तेव्हा विषबाधेच्या रुग्णासाठी नातेवाइकांनी लिपिडचा हट्ट धरू नये. औषधाची रिकामी बाटली किंवा पाकीट मात्र हॉस्पिटलात नक्की सोबत न्या. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, तिथून डॉक्टरांना आणि सामान्य लोकांनाही फोनवर चोवीस तास सल्ला मिळतो.

सोमवारी, १३ तारखेला आई वॉर्डात आली. संक्रांत तिथेच झाली. सिस्टरना भावाने तिळगूळ वाटला. आता प्रश्न होता मोडलेल्या हाताचा. हाड जुळायला लागायच्या आत प्लेट बसवायला हवी होती. आई म्हणाली, “पुन्हा आत जायचं असेल तर मला घरी न्या, हात वाकडा राहिला तरी चालेल.” तिला कुणी दामटलं नाही. मॅडम तिच्या खाटेवर बसल्या, या वेळी हात बधिर करणार नाही, पूर्ण भूल देणार हे सांगितलं, आणि तुम्ही जाग्या होईपर्यंत मी ओटी सोडणार नाही, असं म्हणाल्या. आईने रात्रभर विचार केला आणि सकाळी हो म्हणाली. गुरुवारी १६ तारखेला ऑपरेशन झालं, काही अडचण आली नाही.

शनिवारी डिस्चार्ज कार्डाचा मसुदा हातात आला. त्यात लिहिलं होतं: ‘ॲलर्जी – लोकल ॲनेस्थेशिया’. मॅडमनी आधीच बजावलं होतं, म्हणून मी अडले. ही ॲलर्जी नाही, औषधाची रक्तातली पातळी वाढून झालेली विषबाधा आहे. ॲलर्जी म्हणून नोंद झाली असती तर उद्या दात काढायला गेल्यावर दाताचे डॉक्टर इंजेक्शन द्यायलाच नकार देतील. मॅडमना बोलावून कार्ड बदलून घेतलं. आता त्यावर औषधांची नावं, मात्रा, इंजेक्शनची जागा, लक्षणं सुरू झाल्याची वेळ, लिपिड किती दिलं आणि पुढच्या भूलतज्ज्ञासाठी सूचना, असं सगळं आहे. त्यासाठी दोन तास जास्त थांबावं लागलं. ते थांबायलाच हवं होतं. कार्डाची एक रंगीत झेरॉक्स आईच्या पर्समध्ये असते. भुलीच्या नोंदीच्या कागदाचीही प्रत मागून घ्या. ती आपणहून सहसा देत नाहीत, अर्ज केला की मिळते.

बिल झालं २,०८,४६० रुपये. वाढीव मंजुरीचा अर्ज आधीच्या शनिवारीच, आई आयसीयूत गेल्यावर लगेच दिला होता. अंतिम मंजुरी १,७१,००० ची आली. उरलेले ३७,४६० भरून घरी आलो. कपातीच्या पत्रात हातमोजे, नोंदणी शुल्क असल्या नेहमीच्या गोष्टी होत्या. पण दोन ओळी मला पचल्या नाहीत. एक, आयसीयूचा एक दिवस ‘अनावश्यक’. दुसरी, लिपिड इमल्शन, दोन बाटल्या, १,६४० रुपये, ‘पोषक आहार – देय नाही’. रक्कम किरकोळ होती. पण ज्या औषधाने आईचं हृदय चालू झालं त्याला त्यांनी सप्लिमेंट ठरवलं होतं, आणि ते तसंच सोडून देणं मला जमेना.

मॅडमनी लेटरहेडवर अर्ध्या पानाचं पत्र दिलं: हे पोषण म्हणून नाही, उतारा म्हणून दिलं, कोणत्या वेळी, किती, आणि का. सोबत भुलीच्या नोंदीची प्रत, आयसीयूचा मॉनिटरिंग चार्ट आणि सही न जुळल्याबद्दल माझा खुलासा जोडला. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला, विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद केली आणि टोकन क्रमांक लिहून ठेवला. फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी ‘आज आपण असं म्हणालात’ असा ईमेल पाठवत गेले, त्याचा उपयोग झाला. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं, त्याला फी नाही. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात २१,९०० रुपये खात्यात जमा झाले, त्यात आयसीयूचा दिवस आणि त्या दोन बाटल्या, दोन्ही धरलेले होते.

हे लिहिते आहे तेव्हा आईचा हात कपाळापर्यंत जातो, फिजिओथेरपी एप्रिलभर चालेल, एका बैठकीचे ४०० रुपये. हृदयाची तपासणी जूनमध्ये एकदा करायला सांगितली आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदूही पिकत आलाय. त्या डॉक्टरांकडे कार्डाची झेरॉक्स आधीच देऊन आले. त्यांनी ती वाचली, डोळ्यात नुसते थेंब टाकूनही करता येईल म्हणाले, आणि मी काही विचारायच्या आत सांगितलं की त्यांच्या ओटीत लिपिडची बाटली आहे, मुदत डिसेंबरपर्यंतची.